भंडारदरा बारमाही: आधी महिना ठरवा, मग ठिकाण

भंडारदऱ्याला निघणाऱ्या मंडळींची तयारी बहुधा उलट्या टोकाने सुरू होते. आधी सुट्टी जुळते, मग मुक्कामाची जागा शोधली जाते आणि शेवटी कुणीतरी विचारतं की या दिवसांत तिथे आहे काय. मग जुलैत सांदण दरीचा हट्ट धरला जातो, एप्रिलमध्ये धबधबे शोधले जातात आणि काजवे बघायला गेलेली गाडी हेडलाइट चालू ठेवून झाडाखाली उभी राहते. हा परिसर बाराही महिने फिरण्याजोगा आहे, पण दर दोन-अडीच महिन्यांनी तो पार पालटतो. जुलैत जो ओढा असतो, तीच जानेवारीत चालायची वाट असते. त्यामुळे आधी महिना पक्का करायचा आणि त्या महिन्यात जे उत्तम असेल तेच करायला जायचं. एका फेरीत एकच मोठी गोष्ट, बाकी सगळं वाटेत जमलं तर.

आधी नकाशा डोक्यात बसवा

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचं हे पश्चिम टोक. पश्चिमेला घाटघरपाशी सह्याद्रीचा कडा तुटतो आणि खाली शहापूर तालुक्याचा कोकणपट्टा दिसतो. उत्तरेला कळसूबाईची रांग, तिच्याच पश्चिम टोकाला अलंग, मदन, कुलंग हे तीन किल्ले. दक्षिणेला रतनगड आणि कात्राबाईचा डोंगर. त्याही पलीकडे हरिश्चंद्रगड. या दोन रांगांच्या मधल्या खोऱ्यात प्रवरा नदी अडवून केलेला आर्थर लेक, म्हणजे भंडारदरा धरणाचा जलाशय, लांबट पसरलेला आहे. पूर्वेच्या टोकाला धरणाची भिंत आणि तिला लागून शेंडी गाव. धरणाचं काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये पुरं झालं. दगडी बांधकामाची ही भिंत ८० मीटरहून अधिक उंच आहे, आणि जलाशयात सुमारे ११ टीएमसी पाणी मावतं.

यातली लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे पाऊस. घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात तो हंगामाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पडतो आणि पूर्वेला अकोल्याकडे जाता जाता झपाट्याने विरतो. म्हणूनच जिल्ह्याचा हवामान अंदाज इथे फसवा ठरतो. जिल्ह्याचा बराचसा भाग दुष्काळी पट्ट्यातला, त्याचा अंदाज "हलक्या सरी" म्हणत असताना घाटघरला पावसाने रस्ता दिसत नसतो. निघण्याआधी शेजारच्या नाशिक आणि पुणे जिल्ह्यांच्या घाटमाथ्याला हवामान खात्याने काय इशारा दिलाय ते पाहा. तिथे ऑरेंज किंवा रेड असेल तर इथेही तेच समजा.

जलाशयाभोवतीची गावंही ओळखून ठेवा, कारण स्थानिक माणूस वाट सांगताना हीच नावं घेणार. दक्षिण काठाने शेंडी, मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी; पुढे पश्चिमेला साम्रद आणि घाटघर; परत येताना उत्तर काठाने उडदावणे, पांजरे, मुरशेत आणि पुन्हा शेंडी. ही फेरी साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरची आहे. ती शक्यतो तलाव उजव्या हाताला ठेवून करावी, देवळाला प्रदक्षिणा घालतो तशी. सकाळी रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर निवांत सापडतं आणि पावसाळा नसेल तर दुपार उतरताना घाटघरच्या कड्यावर पोहोचल्यावर सूर्य समोर असतो. उलट्या दिशेने गेलात तर घाटघरला भर उन्हात आणि अमृतेश्वरला गर्दीत पोहोचाल.

पोहोचायचं कसं

मुंबईकडून नाशिक महामार्गाने घोटी, तिथून उजवीकडे वळून बारीमार्गे शेंडी. घोटीपासून साधारण पस्तीस किलोमीटर. पुण्याहून संगमनेर-अकोले-राजूर हा सरळ रस्ता. आळेफाट्यापुढून ब्राह्मणवाडा-कोतूळमार्गेही राजूरला येता येतं. हा रस्ता अरुंद आहे पण डोळ्यांना जास्त सुखाचा. रेल्वेने यायचं तर इगतपुरी किंवा कसारा गाठा, तिथून घोटी, आणि घोटीहून एसटी किंवा काळी-पिवळी जीप. जीप भरल्याशिवाय सुटत नाही आणि दुपार कलल्यावर सुटेलच असं नाही, म्हणून घोटीला दुपारी बाराच्या आत पोहोचायचा हिशेब ठेवा.

पेट्रोल घोटीत किंवा राजूरला भरून घ्या. रोख पैसे आणि सुट्या नोटा जवळ हव्यात. शेंडी सोडली की मोबाइलची रेंज येते-जाते आणि तिच्यावर चालणारं क्यूआर कोडही. अभयारण्याच्या नाक्यावर माणशी आणि गाडीमागे शुल्क घेतात, त्याची पावती परत निघेपर्यंत सांभाळा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झालं, क्षेत्रफळ ३६१.७१ चौरस किलोमीटर. म्हणजे तुम्ही फिरणार ती जवळपास सगळी जागा वनखात्याच्या नियमांखाली येते. शेकोटी, तंबू, रात्रीची गाडी, मोठा आवाज, या प्रत्येकाला नियम आहे आणि तो हंगामागणिक बदलतो. नाक्यावरच्या वनरक्षकाला दोन मिनिटं थांबून विचारलं की पुढचा वाद टळतो.

मुक्काम निवडताना

तीन पर्याय आहेत: शेंडीतली हॉटेलं आणि पर्यटन महामंडळाचं निवासस्थान, काठावरचे तंबू, आणि गावातली घरं. म्हातारी माणसं किंवा लहान मूल बरोबर असेल तर पहिला. माझा कल तिसऱ्याकडे आहे. रतनवाडी, साम्रद, पाचनई, बारी या गावांत घरगुती जेवण आणि पडवीत किंवा खोलीत झोपायची सोय होते. ही वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. पहाटे डोंगर चढायचा असेल तर पायथ्याशी झोपणं हेच शहाणपणाचं, नाहीतर शेंडीहून निघेनिघेपर्यंत ऊन चढतं. जेवणाचं आदल्या दिवशी सांगा, किती माणसं ते नेमकं सांगा. नागलीची भाकरी, इथलाच तांदूळ, पिठलं, हंगामात रानभाजी. "पनीर मिळेल का" असं विचारलंत तर तेही घोटीहून आणून करतील, पण मग इतक्या लांब येऊन काय केलंत?

तंबूवाले निवडताना फोटो पाहून भुलू नका. फोनवर चार प्रश्न विचारा: तंबू पाण्यापासून किती वर आहेत, संडास किती माणसांमागे एक आहे, रात्री दहानंतर स्पीकर बंद होतो का, आणि लाइफ जॅकेट आहेत का. तिसऱ्या प्रश्नाला "तुम्ही म्हणाल तसं" असं उत्तर आलं तर समजा की शेजारचा गट म्हणेल तसं होणार आहे. पाण्याला अगदी चिकटलेला तंबू दिसायला छान, पण हिवाळ्यात तिथे पहाटे दव इतकं पडतं की आतूनही कापड ओलं होतं. पंधरा-वीस फूट वर, झाडाच्या आडोशाला असलेली जागा बरी.

पावसाळा: जून ते सप्टेंबर

पहिल्या सरींनंतर आठ-दहा दिवसांत डोंगर हिरवे होतात. रात्री गावातली पोरं बॅटऱ्या घेऊन ओढ्याकाठी खेकडे धरायला निघतात. पाऊस लागला की खाचरांत आवणी सुरू होते. या दिवसांत रस्त्याकडेला गाडी लावताना शेताचा बांध दाबला जाणार नाही याकडे लक्ष द्या, आणि फोटोसाठी खाचरात उतरू नका. ती रोपं एकेक करून हाताने लावलेली असतात.

जुलै हा पाहण्याचा महिना आहे, चढण्याचा नाही. घाटघर-साम्रदच्या बाजूला डोंगराच्या प्रत्येक घळीतून पाणी कोसळत असतं, पण ढग इतके खाली उतरतात की दहा फुटांवरचं दिसत नाही. धुकं तासाभरात सरकेल किंवा दिवसभर हलणार नाही. त्यामुळे घाटघरचा कडा बघायला म्हणून खास जाऊ नका. फेरीत आला आणि पडदा उघडला तर नशीब. कड्याच्या टोकाशी वारा खालून वर येतो, गवत निसरडं असतं आणि धुक्यात कठडा कुठे संपतो ते कळत नाही. दोन पावलं मागेच थांबा.

धबधब्यांबद्दल एक गैरसमज दरवर्षी होतो. धरणाच्या भिंतीखालचा अंब्रेला फॉल पाऊस किती पडला यावर अवलंबून नसतो, धरणातून तिथे पाणी सोडलंय का यावर असतो. भिंतीतल्या मोरीतून आलेलं पाणी गोलसर कातळावर पसरून छत्रीचा आकार घेतं. जुलैच्या मुसळधार पावसात धरण भरत असताना तो कोरडा सापडू शकतो आणि नंतर ऊन पडलेल्या दिवशी धो धो वाहताना दिसू शकतो. धरण बहुतेक वर्षी १५ ऑगस्टच्या आसपास भरतं. तेव्हा बातम्यांत क्युसेकचे आकडे येऊ लागतात, आणि ते वाढले की खाली राजूर रस्त्यावरचा रंधा धबधबा सुमारे दीडशे-पावणेदोनशे फुटांवरून गर्जत कोसळतो. रंधा बघायचा तो कठड्याच्या आतून. विसर्ग वाढवला की नदीची पातळी पाहता पाहता चढते. पात्रातल्या खडकावर बसून चहा पिण्याची ती जागा नव्हे.

ओढा ओलांडण्याचा नियम सोपा ठेवा. पाणी गढूळ आणि गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडायचं नाही, मग पलीकडे कुणी का उभं असेना. इथल्या ओढ्यांचं पाणलोट लहान आणि उताराचं असतं, त्यामुळे पाणी जसं फुगतं तसंच पाऊस थांबल्यावर तास-दोन तासांत उतरतं. वाट पाहणं हाच उपाय. चालताना पाणी वाढलं आणि परतीचा ओढा अडला तर वरच्या अंगाला सुरक्षित जागी बसून राहा, दोर लावून शौर्य दाखवू नका. धबधब्याच्या थेट धारेखाली उभं राहण्याचा मोहही टाळा. पाण्याबरोबर वरून दगड येतात आणि आवाजात ते कळत नाहीत.

पावसाळ्यात चढायचंच असेल तर कळसूबाई त्यातल्या त्यात बरी, कारण वाट ठळक आहे आणि अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. पण शनिवार-रविवार सोडून. सुट्टीच्या दिवशी शिड्यांपाशी रांग लागते, वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच शिडीवर हुज्जत घालतात, आणि भिजून थंडीने कुडकुडत तासभर उभं राहावं लागतं. रतनगडाच्या रतनवाडीकडच्या वाटेवर प्रवरेचं पात्र पुन्हा पुन्हा ओलांडावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये ती वाट नकोच. सांदण तर पूर्ण वर्ज्य. ती दरी म्हणजे डोंगराचा नाला आहे, पावसाळ्यात ती आपलं मूळ काम करत असते.

१५ ऑगस्टला जोडून आलेली सुट्टी मात्र मी कुणालाच सुचवणार नाही. बेत त्याच दिवसांचा असेल तर पहाटे सहाच्या आत नाका ओलांडा. अशा दिवशी तलावाभोवती अनेकदा एकेरी वाहतूक लावतात आणि जोराचा इशारा असेल तर प्रशासन धबधबे, गडवाटा बंदही करतं. बंद म्हणजे बंद; गावातल्या कुणाला "दुसरी वाट दाखव" म्हणून पैसे पुढे करू नका.

पाऊस सरताना: सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर

एकच फेरी करायची असेल तर ती या दिवसांत करा. पाणी वाहतंय पण ओढे ओलांडता येतात, हवा धुतल्यासारखी स्वच्छ, भात पोटरीला आलेलं. सोनकीने पठारं पिवळी झालेली असतात, तेरड्याचा गुलाबी पट्टा खालच्या उतारांवर, आणि कड्यांच्या बगलेला कारवी. कारवी साधारण सात वर्षांनी एकदा फुलते. ते वर्ष कुठल्या डोंगराचं आहे हे बारी किंवा साम्रदच्या माणसांना विचारा. फुललेली सापडली तर निळ्या-जांभळ्या उताराला मधमाश्यांची गुणगुण ऐकू येईल. तिथे सुगंधी स्प्रे मारून जाऊ नका.

रतनगडाचा हा उत्तम काळ. उंची १२९७ मीटर. रतनवाडीतून अमृतेश्वराचं दर्शन घ्या. काळ्या दगडाचं कोरीव शिवमंदिर आहे, शिलाहारांच्या काळातलं मानतात, आणि जवळच कोनाड्यांत मूर्ती असलेली पुष्करणी आहे. मंदिराच्या पुढे वाट प्रवरेच्या कडेने जंगलात शिरते. पहिला तास जवळपास सपाट, मग चढ. पुढे एक फाटा कात्राबाईच्या खिंडीकडे, हरिश्चंद्रगडाच्या दिशेला जातो. तिथे चुकण्याची शक्यता असते, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांनी गावातून वाटाड्या घ्यावाच. शेवटी शिड्या आणि गणेश दरवाजा. वर पोहोचायला अडीच ते तीन तास धरा. गडाच्या माथ्यावर कातळाला आरपार भोक पडलेलं नेढं आहे. त्यात बसलं की एका बाजूने तलाव आणि दुसऱ्या बाजूने सह्याद्रीची धार दिसते. वाऱ्याचा झोत तिथे जबरदस्त असतो, टोपी हातात धरा.

उतरताना त्याच वाटेने न येता त्र्यंबक दरवाजातून कातळात कोरलेल्या पायऱ्यांनी साम्रदला उतरता येतं. दोन्ही बाजू एका दिवसात पाहायला मिळतात, फक्त गाडी साम्रदला बोलवायची व्यवस्था आदल्या दिवशी करून ठेवा. पायऱ्या उंच आणि काही ठिकाणी मोडक्या आहेत. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी आल्या वाटेनेच परतावं. आणि माकडांसमोर पिशवी उघडू नका, ती पिशवीसकट नेतात.

हिवाळा: डिसेंबर ते फेब्रुवारी

आता चढायला हरकत नाही. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. बारी गावापासून साधारण नऊशे मीटरचा चढ आहे, जायला तीन ते चार तास, उतरायला अडीच. सूर्योदयासाठी रात्री दोन-अडीचला निघणारे गट असतात. मला विचाराल तर पहाटे पाचला निघा: शेवटच्या टप्प्यात उजेड असतो, शिड्या दिसतात आणि वर गारठ्यात सूर्याची वाट पाहत बसावं लागत नाही. रात्रीच निघणार असाल तर प्रत्येकाकडे डोक्याला लावायची बॅटरी हवी, मोबाइलचा टॉर्च नको. शिडी धरायला दोन्ही हात मोकळे लागतात. शिखरावर देवीचं छोटं देऊळ आहे. नवरात्रात इथे मोठी यात्रा भरते, तेव्हा हा ट्रेक राहत नाही, वारी होते. तेही एकदा अनुभवावं, पण शांततेची अपेक्षा ठेवून नव्हे.

हरिश्चंद्रगडाला (१४२४ मीटर) राजूरमार्गे पाचनईहून जाणारी वाट सगळ्यात सोपी, अडीच-तीन तासांची. पुणे जिल्ह्याच्या बाजूने खिरेश्वरहून तोलार खिंडीतून येणारी वाट लांब आहे. नळीची वाट ही दोर, अनुभव आणि जाणता सोबती असणाऱ्यांसाठीच. समाजमाध्यमांवरची चित्रफीत पाहून तिकडे वळू नका. वर हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, केदारेश्वराच्या लेण्यातल्या बर्फगार पाण्यात उभं शिवलिंग, आणि संध्याकाळी कोकणकडा. अर्धगोल आत वळलेला हा कडा पाहायचा तर पालथं झोपून, एकाने पाय धरून. पावसाळ्याच्या कडेच्या दिवसांत ढग कड्याखाली आणि सूर्य पाठीशी असेल तर इंद्रवज्र, म्हणजे गोल इंद्रधनुष्य आणि त्यात आपलीच सावली दिसते.

अलंग-मदन-कुलंगबद्दल इथे फार लिहीत नाही. अलंग आणि मदनला प्रस्तरारोहणाची साधनं आणि ती वापरणारी माणसं लागतात, ती नसतील तर हे किल्ले खालून पाहण्यासाठी आहेत.

सांदण डिसेंबरनंतर खुली होते. साम्रद गावातून वीस-पंचवीस मिनिटं चालल्यावर जमीन अचानक फाटल्यासारखी दिसते आणि तुम्ही दोन-तीनशे फूट उंच भिंतींच्या चिंचोळ्या फटीत उतरता. सुरुवातीलाच पाण्याचे दोन डोह लागतात. डिसेंबर-जानेवारीत दुसऱ्या डोहात पाणी कमरेच्या वर असू शकतं आणि ते अंगावर काटा आणणारं गार असतं. मार्चपर्यंत ते बरंच ओसरतं. पोहता न येणाऱ्यांनी आणि मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी म्हणून मार्चच धरावा. पुढची वाट मोठमोठ्या धोंड्यांवरून चढउतार करत जाते. दरीत उजेड थोडाच वेळ येतो, रेंज मुळीच नाही, आणि वरून माकडांच्या पायाने दगड सुटतात, तेव्हा हेल्मेट घाला. साध्या पर्यटकाने जिथे पहिला मोठा उतारा लागतो तिथून मागे फिरावं. पूर्ण दरी दोराने उतरून खाली डेहण्याकडे जाणं आणि करोली घाटाने परत साम्रदला चढणं हा अनुभवी गटाबरोबर करायचा वेगळाच कार्यक्रम आहे.

हिवाळ्यातली रात्र तलावकाठी काढा. पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. एक जाड जाकीट, कानटोपी, कोरडे मोजे आणि जमिनीवर अंथरायची मॅट हवी. गारठा वरून कमी आणि जमिनीतून जास्त येतो, त्यामुळे दोन चादरी पांघरायला घेण्यापेक्षा एक खाली घाला. अमावास्येच्या आसपासची तारीख निवडलीत तर मृग, कृत्तिका, रोहिणी दुर्बिणीशिवाय ठसठशीत दिसतात. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून उल्कावर्षाव होतो. त्या वर्षी चंद्र आडवा येत नसेल तर तीच तारीख धरा. आकाशगंगेचा दाट पट्टा मात्र या महिन्यांत दिसत नाही. त्यासाठी मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठावं लागतं.

पाण्याविषयी दोन शब्द, कारण हा तलाव दिसतो त्याहून फसवा आहे. हे धरणाचं पाणी आहे, नैसर्गिक तळं नव्हे. काठ एकसारखा उतरत नाही. जुन्या खाचरांचे बांध, ओढ्यांची पात्रं, झाडांची खोडं पाण्याखाली आहेत आणि तळाशी गाळ. चार पावलं गुडघाभर पाण्यात आणि पाचवं डोक्यावर, असं होतं. म्हणून पोहू नका, चांगलं पोहता येत असलं तरी. नौकाविहार शेंडीहून होतो आणि तो सकाळी करा. दुपारनंतर खोऱ्यातून वारा सुटतो आणि लाटा उठतात. होडी किंवा कयाक कशातही बसा, जाकिटाचे बंद बांधून घेतल्याशिवाय काठ सोडू नका. नुसतं अंगावर अडकवलेलं जाकीट पाण्यात डोक्यावरून निघून जातं.

उन्हाळा आणि काजवे: मार्च ते जूनचा मध्य

उन्हाळ्यात इथे कुणी येत नाही असा समज आहे आणि एप्रिलपुरता तो बराचसा खरा आहे. गवत वाळलेलं, शेतांत राब भाजल्याच्या काळ्या चौकटी, तलाव खाली उतरून लाल मातीचे पट्टे उघडे पडलेले. पण पहाटे पाच ते नऊ हे तास सोन्यासारखे असतात. उतरलेल्या काठावर पक्षी पाहायला तेव्हा चांगलं, करवंदं पिकलेली, जांभळं धरलेली. नऊनंतर सावली गाठा, संध्याकाळी पाचला पुन्हा निघा.

एक गोष्ट मनात ठेवूनच या दिवसांत जा: समोर एवढा तलाव असला तरी काठावरच्या कितीतरी वाड्यांना मेमध्ये पाण्याची टंचाई असते. तलाव खाली, वस्ती वर, आणि हे पाणी सिंचनासाठी पूर्वेकडे जातं. बायका डोक्यावर हंडे घेऊन चढ चढताना दिसतील. तुमच्या आंघोळीच्या दोन बादल्या तिथूनच आलेल्या असतात. एकीवर भागवा, पिण्याचं पाणी घोटीहून मोठ्या कॅनमध्ये भरून आणा.

काजव्यांचा हंगाम मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, वळवाचे एक-दोन शिडकावे झाल्यावर भरात येतो आणि मोसमी पाऊस नीट लागला की आटोपतो. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर हजारो काजवे एका लयीत उघडमिट करतात. झाड पेटतं, विझतं, पुन्हा पेटतं. चमकत उडणारे बहुतेक नर असतात, माद्या गवतात किंवा पानावर बसून उत्तर देतात. सगळी देवाणघेवाण प्रकाशाची, म्हणून आपला प्रकाश तिच्यात थेट विघ्न आणतो. अंडी ओलसर मातीत घातली जातात, म्हणजे रस्ता सोडून झाडाखाली शिरणारा प्रत्येक पाय पुढच्या वर्षीचे काजवे तुडवतो.

पद्धत अशी ठेवा. दिवस सोमवार ते गुरुवारमधला, अमावास्येच्या अलीकडे-पलीकडे. उजेड असतानाच उत्तर काठावर मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर यांपैकी एका गावात पोहोचा आणि गावातल्याच कुणाला तरी बरोबर घ्या. कुठलं झाड या आठवड्यात भरलंय ते त्यांनाच माहीत. गाडी गावात सोडा. पुढे चालत. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद गुंडाळा आणि तो पायाशीच रोखा. साडेसातच्या सुमाराला पोहोचून दहा-पंधरा मिनिटं काहीही न करता उभे राहा. मोबाइलच्या पडद्याकडे एकदा पाहिलंत तरी डोळ्यांना पुन्हा अंधार सरावायला तेवढाच वेळ लागतो. फ्लॅश नाही, चित्रण नाही. मोबाइलमध्ये ते येतही नाही. ज्यांना छायाचित्र हवं त्यांनी तिवई आणि लांब एक्स्पोजर घेऊन एका जागी बसावं. अत्तर आणि डासांचा स्प्रे लावू नका, अंगभर कपडे घाला. साडेनऊ-दहानंतर लय मंदावते, तेव्हा निघा. या हंगामात वनखातं वाहनांवर आणि रात्रीच्या वेळेवर बंधनं घालतं, ती त्या वर्षीची काय आहेत ते नाक्यावर विचारून घ्या.

"काजवा महोत्सव" म्हणून जाहिरात करणाऱ्या सहली मला पटत नाहीत. पन्नास माणसांची बस एका झाडाखाली उतरली की पहिल्या पाच मिनिटांत पंचवीस पडदे पेटतात. चार-सहा जणांच्या गटाने जा.

पिशवीत काय, आणि बिघडलं तर काय

बाराही महिने लागणारं थोडंच आहे: पकड असलेले बूट (पावसाळ्यात बूट जुने चालतील, तळवा झिजलेला नको), माणशी दोन ते तीन लिटर पाणी, बॅटरी, शिट्टी, कोरडं खाणं, मीठ-साखर, पट्टी, नेहमीची औषधं, एक दोर, आणि कचरा परत नेण्यासाठी रिकामी पिशवी. पावसाळ्यात छत्री घाटमाथ्यावर पाच मिनिटांत उलटते, रेनकोटच घ्या आणि एक पूर्ण कोरडा कपड्याचा जोड प्लास्टिकमध्ये बांधून गाडीत ठेवा. नकाशा मोबाइलवर आधीच उतरवून घ्या.

वाटाड्याचे पैसे निघण्याआधी ठरवा, घासाघीस करू नका आणि दुपारचं जेवण त्यांना आपल्यातलं द्या. कोणत्या वाटेने जाताय, किती वाजता परत येणार, हे मुक्कामाच्या घरी सांगून जा. ते "बरं, या" म्हणतील आणि खरोखर वाट पाहतील. बेत बदलला तर निरोप धाडा, नाहीतर संध्याकाळी तुम्हाला शोधायला माणसं निघतात.

कड्यांवर आग्या मोहोळं असतात. धूर, आरडाओरड, तीव्र वास यांनी ती उठतात. उठली तर हात झटकू नका, तोंड झाकून आल्या वाटेने खाली, दाट झाडीत शिरा. साप चावला तर कापू-चोखू नका, दोरीने आवळूही नका. चावलेला भाग न हलवता माणसाला उचलून रस्त्यावर आणा आणि राजूर, अकोले किंवा घोटी यातलं जवळचं रुग्णालय गाठा. घाटघर-साम्रदहून तिथे पोहोचायला तासभर किंवा जास्त लागतो, तेव्हा "बघू, सकाळपर्यंत उतरेल" असं म्हणत थांबू नका. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. गडावर कुणी अडकलं किंवा पडलं तर गिर्यारोहकांची महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर ही संस्था बचावपथकांशी जोडून देते, तिचा मदत क्रमांक घरूनच फोनमध्ये साठवून या. रेंज नसेल तर एकाने जखमीपाशी थांबायचं आणि दोघांनी गावाकडे यायचं, एकट्याने कुणी निघायचं नाही. म्हणजेच डोंगरावर चौघांहून कमी जाऊ नये. दोघंच असाल तर वाटाडे दोन घ्या, किंवा त्या दिवशी तलावाची फेरी करा.

रविवारी परतणाऱ्यांनी दुपारी दोनच्या आत शेंडी सोडावी. चारनंतर निघालात तर घोटीचं वळण आणि कसारा घाट मिळून दीड-दोन तास जास्त धरा, आणि सोमवार सुट्टीचा असेल तर सरळ सोमवारी सकाळी निघा.